बस्ता कुठं बांधायचा

माझ्याकडे राहायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच रविवारी बाजार शिकवते. उस्मानपुऱ्यात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर कॉलेजच्या चार मुली राहतात. नवीन आलेली मुलगी मॉलमधून दुप्पट भावाची बादली घेऊन आली की माझं डोकं फिरतं. म्हणून आधीच सांगून टाकते. वह्या-पुस्तकं औरंगपुऱ्यात. कपडे शिवायला गुलमंडी. बादल्या, डबे, मसाले शहागंजात. कॅनॉटला फिरायला जा, घ्यायला जाऊ नका. मुली याला ‘काकूंचं भाषण’ म्हणतात. आमचे हे, श्रीधरराव, म्हणतात, हिला नगरसेवक करा, फक्त बाजारापुरती. म्हणू देत. चाळीस वर्षं या शहरात पिशवी घेऊन हिंडले आहे, कुठं काय घ्यावं ते मला कळतं, असा माझा समज होता.

तो मोडला दोन हजार सोळाच्या एप्रिलात. पावसाने दगा दिल्याचं ते लागोपाठ दुसरं वर्ष.

तेव्हा माझ्याकडे दीपमाला होती. शेंद्र्याच्या पुढच्या एका गावची, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, विषय केमिस्ट्री. वडील पुंजाराम दिवसा एका कंपनीच्या गेटवर असायचे आणि उरलेल्या वेळात शेतात. मेमध्ये तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा शिवराज, शेजारच्याच गावचा, कंपनीत फिटर. मुलगा बरा होता, दीपमालालाही पसंत होता. प्रश्न दुसराच होता.

पुंजाराम एका सकाळी आले आणि पायरीवरच बसले. आत या म्हटलं तरी येईनात.

"ताई, बस्ता कुठं बांधावा, तुम्हीच सांगा. शहरातलं तुम्हाला ठावं."

बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडाची खरेदी. दोन्हीकडची माणसं एका दुकानात जमतात आणि नवरीच्या शालूपासून लांबच्या मावशीच्या खणापर्यंत सगळं एका दिवसात घेतात. आमच्यात ही पद्धत नाही. आमच्यात ज्याची साडी तो घेऊन येतो आणि मग बाकीचे नावं ठेवतात.

"अन् अजून एक," पुंजाराम खाली बघत म्हणाले. "पोरीचं दुसरं वरीस राह्यलंय. लग्नानंतर वर्षभर तिला तुमच्याकडंच राहून पुरं करायचंय. एवढं तिच्या सासूच्या कानावर घाला. मी पोरीचा बाप, माझ्या तोंडून बरं दिसत नाय. मोका बघून बोला."

दीपमाला जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा पाहून मी लगेच हो म्हटलं.

दुकान मी विचार करून निवडलं. जालना रोडवर नवं तीन मजली शोरूम झालं होतं. एसी, एक भाव, घासाघीस नाही. भावावरून भांडणं नकोत, पाहुण्यांचा मान राहील, तासाभरात मोकळे होऊ. अशी माझी अक्कल.

एका जीपमधून आणि एका टेम्पोतून सव्वीस माणसं उतरली. घरून पाण्याचे कॅन भरून आणले होते, त्या वर्षी कोणी दुसऱ्याच्या दारात पाणी मागत नव्हतं. रखवालदाराने कॅन बाहेर ठेवायला लावले. आत गेल्यावर कळलं, साड्या तिसऱ्या मजल्यावर आणि पुरुषांचं कापड तळाला. बायका लिफ्टने वर गेल्या, पुरुष खाली राहिले. एका बस्त्याचे दोन तुकडे झाले. वर बसायला चार स्टुलं. बाकीच्या म्हाताऱ्या बायका काचेच्या काउंटरला टेकून उभ्या.

शिवराजची आई, चतुराबाई, उंच आणि मोजकं बोलणारी. तिने एक साडी उचलली आणि विक्रेत्या मुलीला म्हणाली, "ह्याचं कमी कर."

"फिक्स रेट आहे मावशी."

"मग आम्ही बोलायचं काय?"

मला तेव्हा हसू आलं. तिथंच थांबून विचार करायला हवा होता. पण मला मोका दिसला. शिवराजचे काका, आप्पासाहेब, फेट्यांचं विचारायला नुकतेच वर आले होते, पुंजारामही त्यांच्या मागे होते. मी घसा साफ केला आणि मुलींचं शिक्षण आजच्या काळात किती महत्त्वाचं आहे, इथपासून सुरुवात केली. दीपमाला वर्षभर माझ्याकडेच राहील, असं सांगून संपवलं. उभ्या उभ्या, सगळ्यांदेखत, जणू ठरूनच गेलं होतं.

आप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते पुंजारामांना म्हणाले, "व्याही, बस्त्याच्या दिवशी अटी घालता व्हय? त्या बी परक्याच्या तोंडून?"

पुंजारामांचा चेहरा उतरला. चतुराबाईने हातातली साडी घडी करून काउंटरवर ठेवली.

"चला," ती म्हणाली. "इथं नाय जमायचं."

खाली रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. सव्वीस माणसं टेम्पोच्या सावलीत दोन गट करून उभी राहिली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दुकान मी निवडलं होतं आणि तोंडही मीच उघडलं होतं. पोरीचं वर्ष माझ्यामुळे जाणार, कदाचित सोयरीकसुद्धा, हे मला लख्ख दिसत होतं.

दीपमाला माझ्याजवळ आली. "काकू, शहागंजात चला. तुम्ही मला बादली घ्यायला नेलं होतं ना, त्याच्या समोर कापडाचं जुनं दुकान हाय. गादी घातलेलं."

"मी कशी सांगू आता?"

"मी सांगते," ती म्हणाली, आणि थेट चतुराबाईकडे गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण टेम्पो वळला.

शहागंजातल्या त्या दुकानात भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी होती. दारात चपलांचा ढीग पडला. म्हातारा सेठ उठून उभा राहिला. "आओ मावशी, बैठो. पहले पानी पियो, कपडा कहीं भागके नहीं जाता." सगळी माणसं एकाच गादीवर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. दोन्हीकडचे एकमेकांत मिसळले, कारण वेगळं बसायला जागाच नव्हती. चहा आला. चतुराबाईने भाव पाडायला घेतला. दोनदा ती उठून दारापर्यंत गेली, दोनदा सेठने तिला परत बोलावलं. आप्पासाहेब फेट्याच्या रंगावरून चिडले, मग पुंजारामांनीच त्यांच्या डोक्याला एक फेटा गुंडाळून आरसा धरला आणि सगळे हसले. आप्पासाहेबही. मी कोपऱ्यात तोंडाला कुलूप लावून बसले होते. घासाघीस म्हणजे भांडण, असं मी जन्मभर समजत आले. इथं तीन तास ती चालली होती आणि त्या तीन तासांत दोन घरं एकमेकांची होत होती. माझ्या शोरूममध्ये त्यांना बोलायलाच काही उरलं नव्हतं.

शेवटी चतुराबाईने तीन शालू दीपमालापुढे पसरले. "तुझ्या पसंतीचा घे."

दीपमालाने एकावरून हात फिरवला आणि मान वर केली. "आत्याबाई, शालू कोणता बी चालंल. मला एक वरीस पाहिजे."

सेठने हातातला गज खाली ठेवला.

"माझं शिक्षण अर्धं राह्यलंय. इथं राहून पुरं करते. सणावाराला येईन. आमच्या बापूंना म्हणता येईना, काकूंना म्हणायचं कळंना. म्हणून मीच मागते."

पुंजारामांनी डोळे मिटून घेतले. आप्पासाहेब काही बोलणार तेवढ्यात चतुराबाईने हात वर केला. ती माझ्याकडे वळली.

"बाई, तुमच्याकडं पाणी किती दिसाआड येतं?"

"चौथ्या दिवशी," मी चाचरत म्हणाले.

"नळाला?"

"नळाला."

"आमच्याकडं टँकर येतो. आला तर. मी तीन हंडे डोक्यावर घेऊन येते. सून आणली की पहिलं काम तिच्या डोक्यावर हंडा द्यायचा, दुसरं काय हाय आमच्यात?" ती आप्पासाहेबांकडे वळली. "वर्षभर ही हितं शिकंल. मी भरलं तीस वर्षं, अजून एक भरीन."

मला वाटलं, आता बोलणं होईल, वाद होईल. पण ती सेठकडे वळलीसुद्धा. मधल्या शालूचा भाव अजून पाडायचा होता. तो पडला. मग तिने वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "ते पंजाबी ड्रेसचे पीस काढ. दोन. धुण्याला टिकतील असे."

"विहीणबाई, बस्त्यात ड्रेस?" पुंजाराम गोंधळून म्हणाले.

"मग? कॉलेजात काय शालू नेसून जाईल?"

सेठसमोर दोन गठ्ठे होते, एक नवरीकडचा, एक नवऱ्याकडचा. हातात ते दोन पीस धरून त्याने विचारलं, "ये किसमें बांधूं?"

"आमच्यात," चतुराबाई म्हणाली. "शिकणारी सून आमची हाय."