उत्तर नाही म्हणजे नकार

आईचं दिवसकार्य उरकून साक्षी रेणापूरहून वसतिगृहात परतली, तेव्हा रेक्टर धुरपताबाईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. पोरीने अंग चोरलं. "आता कशाला माया लावायलात, बाई? रजा मागितली तवा न्हाई म्हणलात की."

धुरपताबाई तडक खाली बुशराकडे आल्या. वसतिगृह लातूरच्या एका कोचिंग क्लासचं होतं, आणि त्या क्लासचा मेल सर्व्हर बुशरा एकटी सांभाळायची. "अगं, मी कुणाला न्हाई म्हणले? तिची मेलच आली न्हाई मला."

बुशराला बाई चांगल्या ठाऊक होत्या. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी त्यांनी गावी जायला रजा मागितली होती आणि साहेबाने ती दिली नव्हती. लातुरात अडकल्या म्हणून जगल्या. गावात मात्र घर उरलं नाही की घरचं माणूस. तेव्हापासून रजा मागणाऱ्या पोरीला त्यांनी कधी कारणसुद्धा विचारलं नव्हतं. संचालकांना ही दिलदारी परवडेना. निकालाच्या फलकावर फोटो चढवायचे तर पोरी खोलीत कोंडलेल्या बऱ्या! त्यांनी नियम काढला : रजा मेलनेच मागायची, संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर नकार समजायचा, रेक्टरच्या दारात रडत बसायचं नाही. माणसाचं तोंड न बघता त्याला हाकलायची याहून सोपी युक्ती कुणाला सुचली नसती.

बुशराने आधी आपल्या क्लासबाहेरच्या खात्यावरून बाईंना मेल धाडली. ती लगेच आली. मग मुलींच्या कम्प्युटरवरून एक धाडली. दोघी पडद्याकडे बघत बसल्या, पण ती काही येईना. तिने सर्व्हरचा लॉग, म्हणजे आल्यागेल्या मेलची नोंद, उघडला. रांगेत काही अडकलं नव्हतं, कुठे चूकही दिसत नव्हती. साक्षीच्या मेलपुढेसुद्धा लिहिलं होतं, पोहोचली.

"पोचली म्हणतंय, तर मग गेली कुठं?" बाईंनी विचारलं.

तेव्हा बुशराला आठवलं. दिवाळीत तिने सगळ्या स्टाफची खाती बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवली होती. वसतिगृहातले कम्प्युटर मात्र अजून जुन्याच सर्व्हरमधून मेल धाडत होते, आणि 'या नावाच्या मेल इथेच ठेव' असं त्याला सांगणाऱ्या यादीतून क्लासचं नाव काढायचं ती विसरली होती. पोरींची मेल इमारतीबाहेर पडतच नव्हती. जुना सर्व्हर ती बाईंच्या जुन्या खात्यात टाकायचा आणि पोहोचली म्हणून मोकळा व्हायचा. बाहेरच्यांच्या मेल नीट येत होत्या, म्हणून कुणाला संशय आला नाही. रजेचे अर्ज बंद झाले तेव्हा सीईटी जवळ आली, पोरी अभ्यासाला लागल्या, असं समजून धुरपताबाई तर खूशच होत्या.

बुशराने जुनं खातं उघडलं. न वाचलेले अर्ज एकाखाली एक पडले होते. साक्षीचा शेवटचा अर्ज एका ओळीचा होता : बाई, आई माझं नाव घ्यायलीय, जाऊ द्या.

तिने यादीतून क्लासचं नाव काढलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि मुलींच्या कम्प्युटरवरून परत मेल धाडली. आता ती बाईंना मिळाली. एवढीशी दुरुस्ती होती, आणि त्याचाच बुशराला स्वतःवर भयंकर राग आला. एका पोरीची आई तिची वाट बघत गेली होती.

"मी सांगते तिला," ती म्हणाली. "माझी गलती हाय. तुम्ही न्हाई म्हणला नव्हता, एवढं तरी कळू द्या. तिचं मन हलकं होईल."

"नको गं," धुरपताबाई म्हणाल्या. पण बुशरा निघालीसुद्धा. गुन्हा कबूल करायची घाई झाली की माणसाला समोरच्याचं काही दिसत नाही.

साक्षी कॉटवर बसली होती. बुशराने तिला सगळं सांगितलं, रडत सांगितलं. साक्षी रडली नाही. तिने दारात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. "म्हंजी मी नियम मोडून वर तुमच्याकडं आले असते तर?"

बुशराने डोळ्यांनीच बाईंना विनवलं. पण धुरपताबाईंना खोटं बोलता आलं नाही. "त्याच येळी तुला धाडली असती, बाळा. मी स्वतः येष्टीत बसवली असती."

 इतके दिवस साक्षीला निदान बाईंचा राग तरी करता येत होता.

"तुम्ही न्हाईच म्हणला असता, असं सांगा ना बाई," ती म्हणाली. "तसंच सांगा."