ब्रेक अजून शाबूत आहेत

आमचे हे, विवेक, सिंदी रेल्वे या गावच्या कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवतात, आणि शिकवताना यांच्या गालात खर्रा असतो. सुपारी, तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटघोट घोटायचं, तो गोळा गालात कोंबायचा आणि मग तोंड वर करून बोलायचं, म्हणजे रस सांडत नाही. लग्न झाल्यापासून मी नवऱ्याच्या हनुवटीशी बोलते आहे.

बोरगाव मेघेच्या आमच्या घरात बेसिन लाल, खिडकीची जाळी लाल, उशीचे अभ्रेही लाल. भाजीला कितीही झणझणीत फोडणी द्या, वास खर्ऱ्याचाच येतो. शी!

संध्याकाळी ट्यूशनची मुलं येतात. मी स्वयंपाकघरातून ऐकते. शिकवतात मात्र फक्कड.

"एका पेशीच्या दोन होयाच्या आधी आतले जीन तपासणी करते," हे सांगतात. "काही जीन म्हंजे ॲक्सिलेटर, काही म्हंजे ब्रेक. माय-पेशीत बिघाड झाला का दोन्ही लेकींकडे तोच बिघाड जाते. असे बिघाड साचत गेले का एक दिवस ब्रेकच लागत नाई, आन् पेशी थांबाचं नाव घेत नाई."

मध्येच उठून खिडकीबाहेर पिचकारी मारतात. मुलं वहीत 'कॅन्सर' असं लिहून घेतात. कोणालाच काही खटकत नाही. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.

दिवाळीनंतर यांच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. तिखट सोसेना. तोंडही पुरतं उघडेना, भाकरीचा इवलासा घास बोटानं आत ढकलायला लागले.

"दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"तू काऊन घाबरून राह्यली? एका जीननं कॅन्सर नाई होत. ॲक्सिलेटर बिघडा लागते, ब्रेक बिघडा लागते, दुरुस्तीवाले जीन बिघडा लागते. वरसं जाते त्याच्यात. माहे ब्रेक अजून शाबूत आहेत."

"तुमाले कसं समजते?"

"शिकवतो ना मी!" म्हणाले, आणि पन्नी काढली.

अडाणी माणसाला समजावता तरी येतं. धड्यात जिथे भीती लिहिली आहे, तिथेच यांनी सवलत शोधून काढली होती.

उन्हाळा लागला आणि चट्ट्यातून रक्त यायला लागलं. मी अबोला धरला, जेवण सोडलं, तेव्हा कुठे दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंनी गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट घ्यायला गेलो, तर त्यांनी आडवळण घेतलं नाही.

"कॅन्सर आहे, सर. जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल. आत्ता केलं तर वाचण्याची आशा चांगली आहे. पण खर्रा आजपासून बंद. बाकीच्या तोंडातल्या पेशीही बिघडत आल्या असतील, त्यांना आणखी चिथावू नका."

आणि हे विचारतात काय, "कोणता जीन पयले गेला असन, मॅडम?"

"ते कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "जीन बिघडताना दुखत नाही, सर."

बाहेर पार्किंगमध्ये आलो.  गाडीची चावी सापडेना म्हणून मी पर्समध्ये शोधत होते, तेवढ्यात मागून पन्नीची चुरचुर ऐकू आली. वळून पाहिलं तर गोळा गालात गेलासुद्धा.

"आता कायले सोडू?" हे म्हणाले. "बिघडाचं ते बिघडलं."

मला यांची किळस आली. त्या लाल दातांची, ओठाच्या कोपऱ्यात साचलेल्या फेसाची, सगळा धडा पाठ असलेल्या त्या डोक्याची. वाटलं, इथेच सोडावं यांना आणि बस धरून समुद्रपूरला माहेरी निघून जावं. पण यांच्या शर्टावर ओघळ आला होता, तरी यांना कळलं नव्हतं.

मी जवळ गेले आणि माझा हात यांच्या हनुवटीखाली धरला.

"थुका."

"इथं?"

"हातावर."

रिक्षावाले पाहत होते. यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकले, आणि तो कोमट, चिकट गोळा माझ्या हातात पडला.  मी हात काढला नाही.

"अजून आहे," मी म्हटलं. "सगळं थुका."