वखारीत मोजलेली चिंच

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे, मोजायचा. तीस मीटर लांबीची कापडी पट्टी, ती गुंडाळायला चामड्याची डबी आणि फिरवायला पितळेचा छोटा दांडा, एवढाच माझा संसार. माझ्या कापडात बारीक तारा विणल्या आहेत, म्हणजे कुणी कितीही ओढलं तरी मी ताणला जाऊ नये. कारखान्यात एक म्हातारा कारागीर प्रत्येक टेप लांबलचक ओट्यावर पसरून तपासायचा. माझ्यावरून बोट फिरवत तो म्हणाला होता, "हा खोटं बोलणार नाही." माणसं आपल्या पोटच्या पोरांबद्दलसुद्धा इतक्या खात्रीनं बोलत नाहीत!

मला विकत घेतलं ते एका बाईंनी. त्यांचं काम ऐकून दुकानदार बुचकळ्यात पडला होता. कुणाचं झाड नाहक तोडलं गेलं, की बाई तिथे जायच्या, मोजमाप घ्यायच्या आणि त्या झाडाचं मोल किती होतं ते कागदावर मांडून द्यायच्या. सगळे त्यांना झाडवाल्या बाई म्हणत. अंगानं काटकुळ्या, बोलणं मोजकं, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. वीस वर्षं मी त्यांच्या पिशवीत राहिलो. शेकडो खोडांना वेढा घातला. चीक, चिखल, लाल मुंग्या, सगळं अंगावर घेतलं. काम संपलं की बाई मला ओल्या फडक्यानं पुसत, वाळवत आणि मगच डबीत गुंडाळत.

तरी झीज कुणाला चुकली आहे? माझे पहिले दहा सेंटिमीटर पार विरून गेले. दुसऱ्या कुणी मला केरात टाकलं असतं. बाई दहाच्या आकड्यापासून मोजू लागल्या आणि शेवटी दहा वजा करू लागल्या. तसं प्रत्येक अहवालात लिहूनही ठेवू लागल्या.

मी पाहिलेली सगळ्यात मोठी लढाई एका चिंचेची.

तिची मालकीण म्हणजे एक निवृत्त नर्स. गल्लीतले सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांचे वडील गवंडी होते. घर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं, आणि चिंचेचं मूळ आडवं आलं तेव्हा मुळाला हात न लावता स्वयंपाकघराची भिंतच वाकवली. त्यामुळे ओट्यापाशी एका वेळी एकच माणूस उभा राहू शकायचा. पण भर दुपारीही त्या खोलीत गारवा असायचा.

शेजारच्या जागेत इमारतीचं काम सुरू होतं. सिस्टर चार दिवस बहिणीकडे गेल्या आणि परत आल्या, तर दारात नुसतंच ऊन. ट्रक वळायला अडचण होते म्हणून ठेकेदारानं चिंच कापून नेली होती.

"हद्दीचा घोळ झाला हो, सिस्टर," ठेकेदार म्हणाला. "लाकडाचे काय होतील ते देतो. मिटवून टाकू."

"मी काय लाकूड विकायला काढलं होतं?" सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं.

झाड होतं तेव्हा केवढं होतं, हे झाड गेल्यावर कसं सांगायचं? बाईंचं कसब मला इथेच कळलं. त्या शिडी लावून छपरावर चढल्या. कौलांवर एका ठिकाणापर्यंत हिरवं शेवाळ होतं आणि पुढे एकदम कोरडी, तापलेली कौलं होती. "सावली इथपर्यंत पोचायची," बाई म्हणाल्या, आणि बुंध्यापासून तिथपर्यंत मला ताणून धरलं. मग खाली येऊन त्या उरलेल्या बुंध्यापाशी बसल्या. एका बाजूला होडीच्या आकाराची ढोली होती. बाईंनी बुंध्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं तिची बाह्यरेषा काढून घेतली.

सिस्टर बघत होत्या. "ती ढोली लिहायलाच हवी का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हवी."

"म्हणजे मोल कमी होणार."

"होणार. थोडं."

"मी बोलावलंय तुम्हाला. माझ्या बाजूनं लिहाल असं वाटलं होतं."

बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली. "सिस्टर, तुम्ही कधी पेशंटचा ताप कमी करून लिहिलात का? त्याला बरं वाटावं म्हणून?"

सिस्टर आत निघून गेल्या. पण थोड्या वेळानं त्यांनी चहा आणून ठेवला, तो मात्र जरा आदळूनच.

बुंधा गुडघ्याएवढाच उरला होता, आणि झाडाचा घेर मोजायचा असतो छातीच्या उंचीला. तो भाग कुठे होता? बाई तीन दिवस वखारीमागून वखार पालथी घालत होत्या. चौथ्या वखारीचे मालक विडी विझवत म्हणाले, "काय हवंय, लाकूड?"

"नाही. फक्त मोजायचंय."

"मोजा मोजा. बघण्याचे पैसे घेत नाही अजून!"

पंधरा-वीस ओंडक्यांवर बाईंनी तो कागद लावून पाहिला. आणि एका ओंडक्यावर होडी होडीत जाऊन बसली. तीच ढोली, तोच आकार! बाईंनी मालकांनाही ते पाहायला लावलं. मग त्यांनी मला त्या ओंडक्याभोवती गुंडाळलं. मी तीनशे वीस दाखवले. बाईंनी दहा वजा केले आणि लिहिलं, तीनशे दहा.

आता मोल कसं ठरवतात तेही ऐका. एवढी मोठी चिंच कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही. मोठ्यात मोठं मिळतं ते दंडाएवढ्या खोडाचं. तशी किती खोडं जोडली की हा बुंधा होईल? घेर दहापट, म्हणजे कापाचं क्षेत्रफळ शंभरपट, म्हणून बाईंचा हिशेब आला शंभर. मग ढोलीबद्दल काही कमी, भिंतीला खेटून असल्याबद्दल काही कमी. शेवटी उरलं सत्तर झाडांचं मोल.

सिस्टरांनी ठेकेदारावर दावा लावला. सुनावणीच्या दिवशी मीही कोर्टात टेबलावर होतो. ठेकेदाराचे वकील आवाज चढवून म्हणाले, "झाड जागेवर नव्हतंच. मग घेर कुठला मोजला?"

"वखारीतल्या ओंडक्याचा."

"वखारीत शंभर ओंडके पडलेले असतात, बाई. हाच त्या चिंचेचा कशावरून?"

बाईंनी कागद पुढे केला. बुंध्याचा फोटो ठेवला, ओंडक्याचा फोटो ठेवला. वखारवाल्यांनीही उठून सांगितलं, "माझ्या समोर लावला तो कागद. तंतोतंत बसला." माझ्या लक्षात आलं, ती ढोली लपवली असती तर चिंच त्या ढिगात कायमची हरवली असती.

वकिलांनी मग मला उचललं. माझं विरलेलं टोक सगळ्यांना दाखवलं. "आणि हे याचं माप! ही चिंधी!"

मित्रांनो, मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. वाटलं, माझ्यापायी बाई हरणार.

"अहवालाचं दुसरं पान बघा," बाई शांतपणे म्हणाल्या. "टोक झिजलंय, म्हणून दहापासून मोजलंय. तसं लिहिलंय."

न्यायाधीशांनी मला मागून घेतलं. स्वतःच्या टेबलावरची पोलादी पट्टी माझ्या दहाच्या आकड्याला लावली, पुढे सरकवली, पुन्हा लावली. केसभरही फरक नव्हता. "टेप बरोबर आहे," ते म्हणाले. एवढे तीनच शब्द. पण कारखान्यातून निघाल्यापासून मी त्यांचीच वाट पाहत होतो असं मला वाटलं.

निकाल लागला. लाकडाचा भाव म्हणजे झाडाचं मोल नव्हे, असं त्यात लिहिलं होतं. बाईंनी मांडलेलं मोल ठेकेदाराला पुरतं भरावं लागलं. बाहेर आल्यावर सिस्टर बाईंना म्हणाल्या, "त्या दिवशी चहा आदळला मी. मनावर घेऊ नका."

"चहा चांगला होता," बाई म्हणाल्या.

पुढे बाईंकडे प्रकाशाच्या किरणानं मोजणारं यंत्र आलं आणि मी कपाटाच्या खालच्या खणात गेलो. तीन वर्षं डबीबाहेर आलो नाही. दांडा काळा पडला. बाईंना मी दोष देत नाही. त्यांचेही गुडघे दुखू लागले होते.

मग एका सकाळी खण उघडला. दारात सिस्टर उभ्या होत्या, हातात कोरी वही घेऊन. "आमच्या गल्लीत अठ्ठावीस झाडं उभी आहेत," त्या म्हणाल्या. "सगळी मोजून लिहून ठेवायची म्हणते. उद्या कुणी म्हणायला नको, इथे काही नव्हतंच. तुमचं यंत्र उंची सांगेल, पण खोडाला वेढा कोण घालणार?"

त्या दिवशी माझं एक टोक बाईंच्या हातात होतं आणि दुसरं सिस्टरांच्या. वीस वर्षं मी बहुतेक पडलेलीच झाडं मोजली होती. आज खोडं उभी होती. सालीवर ऊन होतं, वर पाखरांचा गलका चालला होता. दोघी खोडाच्या दोन बाजूंनी हात लांबवत आणि एकमेकींना ओरडून आकडा सांगत. मी धन्य झालो.

मित्रांनो, तुमच्याही दारापुढे एखादं झाड असेल. आजच जाऊन त्याचा घेर मोजा आणि वहीत लिहून ठेवा. टेप नसला तर सुतळी चालेल. झाड पडल्यावर मोजायला आमच्यासारखे येतीलच, पण तसं बोलावणं आम्हाला तुमच्या घरून कधी येऊ नये.