टायगेटसवरचा मेंढपाळ

निहारिकानं मैद्याची खळ गॅसवरून उतरवली आणि सानिकानं लगेच त्यात वर्तमानपत्राची पट्टी बुडवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ग्रीसमधला टायगेटस पर्वत उभा राहत होता. सकाळी तो बसलेल्या उंटासारखा दिसत होता, दुपारपर्यंत त्याला पाच शिखरं फुटली होती. पायथ्याशी निळ्या लोकरीची युरोटास नदी आणि काठावर काड्यापेट्यांचं स्पार्टा. आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या शाळेत सोमवारी प्रोजेक्ट द्यायचं होतं, आणि दहा वर्षांच्या सानिकानं घराचा पार उकिरडा करून टाकला होता.

“स्नोसाठी कॉटन लागेल. वरच्या प्रेसमध्ये आहे, आई.”

कपाटाला प्रेस म्हणतात, हे निहारिकाला लेकीनंच शिकवलं होतं. तिनं कापसाचा रोल काढून दिला. बाळंतपणासाठी आणलेला तो रोल जवळजवळ सगळाच उरला होता.

सानिकानं शिखरांवर बर्फ चिकटवलं. मग मातीचा एक बोटभर माणूस उचलला आणि घळीकडे चढणाऱ्या वाटेवर उभा केला.

“हा कोण गं?”

“शेपर्ड.”

“मेंढपाळ? मग मेंढ्या कुठायत त्याच्या?”

“मेंढ्या नाहीयेत. ही इज लुकिंग फॉर द बेबीज.”

निहारिकाचा हात खळीत तसाच राहिला. पट्ट्या फाडता फाडता सानिका सांगत गेली. स्पार्टात मूल जन्मलं की म्हातारी माणसं त्याला तपासायची, आणि अशक्त निघालं तर या डोंगरातल्या घळीपाशी सोडून यायची. असं एका जुन्या लेखकानं लिहिलंय, तेही कित्येक शतकांनी. पण संशोधकांनी तिथली घळ शोधली तर हाडं मिळाली ती मोठ्या माणसांची. तान्ह्या बाळांची नाहीत.

“सो समवन टुक देम होम,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, घरात क्वचितच बोलायची तशा सलग मराठीत तिनं विचारलं, “आपला ध्रुव कुणाकडे असेल?”

निहारिकानं खळीतून हात बाहेर काढला.

ध्रुव हिवाळ्यात जन्मला होता, हृदयाला भोक घेऊन. थोडेच दिवस राहिला. पुण्याहून फोनवर सगळ्यांनी एकच सांगितलं: पोरीसमोर विषय नको, घरात नाव काढू नका. निहारिकानं आणि तिच्या नवऱ्यानं, इंद्रनीलनं, ते इमानेइतबारे पाळलं. मुलांना काही कळत नाही, हा मोठ्यांचा फार जुना आणि फार सोयीचा समज आहे.

“सानू, ध्रुव देवाघरी गेला ना?”

“आजोबा गेले तेव्हा त्यांना जाळलं. मी तिथे होते. मग नदी, मग फोटोला हार, मग सगळे जेवायला आले.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, गृहपाठ वाचून दाखवावा तशी ती बोलत होती. “ध्रुवचं आपण काहीच नाही केलं. बाबा त्याला घेऊन गेले आणि एकटे आले. त्यांच्या शूजना चिखल होता. आणि तो वीक होता.”

निहारिका खुर्चीत बसली.

“मागच्या आठवड्यात मला ताप होता,” सानिका पट्टीकडे बघत म्हणाली. “मी सांगितलं नाही. रात्री खोकला आला की उशीत तोंड घालायचे.”

निहारिकानं खळीच्या हातांनीच तिला ओढून छातीशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली. आवाज ऐकून बागेतून इंद्रनील धावत आला. काय झालं ते कळल्यावर तो लेकीसमोर जमिनीवरच बसला.

“मी घेऊन जायच्या आधीच बाळ गेलं होतं, बेटा. माझ्या मांडीवर. दात न आलेल्या बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत. मातीत पुरतात. फोटो, तेरावा, काही करत नाहीत. म्हणून चिखल होता. समजलं?”

सानिकानं मान डोलावली. मग आईकडे पाहिलं.

“तू बघितलंस?”

“नाही,” निहारिका म्हणाली.

टाके ओले होते, ती पलंगावर पडून होती. शेवटचं बघतेस का, असं इंद्रनीलनं विचारलं तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. त्याच रात्री तिला पान्हा फुटला, आणि अंगाला कोण कसं सांगणार की आता पिणारं कुणी नाही? पुढेही ती जागा कुठे आहे, हे तिनं कधी विचारलं नाही.

तासाभरात तिघं निघाली. दफनभूमी गावाबाहेरच्या उतारावर होती. लहान मुलांच्या कोपऱ्यात रंगीत भिरभिरी वाऱ्यावर फिरत होती, कुणाकुणाची खेळण्यातली भिजलेली अस्वलं होती. ध्रुवच्या जागी नुसती लाकडी पाटी. सानिकानं नाव वाचलं आणि वाकून मातीला हात लावला. निहारिका मात्र चार पावलं मागेच थांबली. इंद्रनीलनं हात पुढे केला, तरी तिचे पाय उचलले नाहीत.

परतताना गाडीत सानिका मोकळेपणानं खोकली आणि चिप्स मागितले.

घरी आल्यावर तिनं डोंगरावरचा मेंढपाळ उपटून काढला.

“हा राहू दे ना,” निहारिका म्हणाली.

“पण तसं झालंच नव्हतं, आई. इट्स ग्रँड, ठीक आहे.” मेंढपाळ खिडकीत ठेवून ती बाबांच्या मागे बागेत पळाली.

निहारिकानं टेबल पुसायला घेतलं. नदीकाठच्या काड्यापेट्या सरळ केल्या. बाहेर बापलेक हसत होती. तिनं फडकं खाली ठेवलं, मेंढपाळाला उचललं आणि शिखरावरच्या बर्फातून कापसाची चिमूट तोडून त्याच्या दोन्ही हातांत नीट दाबून बसवली. खळ अजून ओली होती. तिनं त्याला जुन्याच वाटेवर चिकटवलं, फक्त या वेळी तोंड खाली, घरांकडे करून.