वनमालिनीचं तिसऱ्या अंकातलं पद

बावीस वर्षं मी बुऱ्हाणपुरात नाटकांची परीक्षणं लिहिली. त्यातली शेवटची तीन वर्षं मला गाणं ऐकू येत नव्हतं.

एकदम ठार बहिरा झालो असं नाही. समोर तोंड करून कुणी बोललं तर ओठ आणि आवाज मिळून काम भागायचं. वर्गातली पोरं मागच्या बाकावर काय उद्योग करतात ते कळत नसे, पण ते कुठल्या मास्तराला कळतं? गेला तो सूर. आधी बारीक आलाप गेले, मग तान गेली, आणि एका होळीनंतर ऑर्गन वाजतोय की सरकी काढायच्या जिनिंगचं इंजिन चाललंय, हेही कळेनासं झालं.

हे फक्त गोदाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ‘तापीतीर’ साप्ताहिकात दर बुधवारी माझा मजकूर येई आणि गावात म्हण पडली होती, की मास्तरांचा कान म्हणजे सोनाराचा काटा. कान गेला म्हणून सांगितलं असतं तर माझ्याकडे उरलं काय असतं? त्रैराशिक आणि मोडी. तेवढ्यासाठी मला बाजारात कोण ओळखत होतं?

तेव्हा मी एक रीत बसवली होती. नाटकाला गेलो की मी नटाकडे कमी आणि ऑर्गनवाल्याकडे जास्त बघायचो. गाणारा सुरात असला की ऑर्गनवाल्याचा हात हलका पडतो, भात्यावरचे पाय संथ चालतात. गाणारा घसरला की तो त्याची चूक झाकायला जोर करतो, पाय भराभर मारतो, मान खाली घालतो. दुसरा आधार गोदाबाईचा. ती बायकांच्या बाजूला बसे आणि सकाळी चहा पुढे ठेवून सगळं सांगे. “दुसऱ्या पदाले तो घसरला. पन लोकायनं टाळ्या वाजवल्या, कारन लुगडं भारी होतं.” तिचं सांगणं आणि माझं बघणं एकत्र करून मी लिहायचो. तीन वर्षांत कुणाला शंका आली नाही.

पण थकलो होतो. नवीन नाटक म्हणावं तर तेच राजपुत्र, तोच शाप, तीच अंगठी. आणि आता तर नवीन काही येतच नव्हतं. बोलपटांनी कंपन्यांचं कंबरडं मोडलेलं, त्यामुळे ज्याच्या ट्रंकेत जे जुनं नाटक असेल ते झटकून पुन्हा उभं करायचं आणि जाहिरातीत ‘लोकाग्रहास्तव’ लिहायचं. कोणत्या लोकांचा आग्रह ते देव जाणे.

त्या वर्षी कापसाच्या हंगामात शारदाप्रसाद संगीत मंडळी आली. जिनिंगच्या आवारात मंडप पडला. खेळ होता ‘संगीत वनमालिनी’, वीस वर्षांपूर्वी गाजलेला. आणि वनमालिनी कोण? तर प्रभाकर. वीस वर्षांपूर्वी होता तोच! तेव्हा हा पोरगा लुगडं नेसून उभा राहिला की निंबोल्याचे शेतकरी गाड्या जुंपून यायचे. आता तो सेहेचाळीस वर्षांचा होता, गाल ओघळले होते. मालक दत्तोपंत भला माणूस. नाशिककडची एक गाणारी मुलगी कंपनीत यायला तयार असतानाही त्यांनी प्रभाकरला ही शेवटची संधी दिली होती. खेळाआधी दत्तोपंतांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, “मास्तर, तुमचं कात्रण आम्ही खंडव्याच्या फलकावर लावणार. प्रभाकरचं पुढचं सगळं त्यावर आहे. काय वाटेल ते लिहा, पण खरं लिहा.”

नेमकी त्या दिवशी गोदाबाई नव्हती. बहिणीच्या लेकीचं बाळंतपण म्हणून जसोंडीला गेली होती. मला न जाताही आलं असतं. ताप आला म्हणून घरी पडलो असतो तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण सवय वाईट. गेलो आणि पहिल्या रांगेत बसलो.

दोन अंक ठीक गेले. कडूबुवा ऑर्गनवर होते, जुने जाणते. त्यांचा पाय संथ चालला होता, म्हणजे प्रभाकर बरा गात होता. तिसऱ्या अंकात वनमालिनी नवऱ्याला निरोप देते, ते पद आलं. याच पदाला एके काळी पाच-पाच वन्समोर मिळत. प्रभाकर पुढे आला, त्याचं तोंड उघडलं, आणि थोड्या वेळाने कडूबुवांनी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले.

असं मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तबलजीचाही हात थांबला. मागे वळून पाहिलं तर एक माणूस हलत नव्हता. टाळी नाही, वन्समोर नाही. एक म्हातारा मान खाली घालून बसलेला. वाटलं, झालं, पार गेला हा. इतका बेसूर झाला की बुवांनी साथ सोडली आणि लोकांनी लाजून माना खाली घातल्या. वीस वर्षांपूर्वीचं ते कोवळं पोर माझ्या डोळ्यांपुढे आलं. पुढची फजिती मला बघवेना. पद संपायच्या आधीच मी उठलो आणि घरी आलो.

लिहिताना मी निर्दय झालो नाही, उलट फार हळवं लिहिलं. तेच वाईट. ‘ज्या गळ्याने या गावाला वेड लावले त्या गळ्याने आता विसावा घ्यावा. तिसऱ्या अंकातील पदाला साथीदारांनीही हात टेकले. जुन्या नाटकांना नवा रंग देता येतो, जुन्या गळ्याला देता येत नाही.’ शेवटचं वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झालो. थकलेल्या माणसाला एखादं वाक्य जमलं की तो त्याच्या खरेपणाची चौकशी करत नाही.

बुधवारी अंक निघाला. गुरुवारी सकाळी प्रभाकर माझ्या दारात उभा. हातात दराब्याचा, आमच्या गावच्या मिठाईचा पुडा. मला वाटलं, भांडायला आला. तो आत येऊन पाया पडला.

“मास्तर, उपकार झाले,” तो म्हणाला. माझ्यासमोर बसून सावकाश बोलत होता, म्हणून सगळं कळलं. “त्या दिवशी गाताना मला वाटलं, आपण फार चांगलं गातोय. इतकं चांगलं मी कधी गायलोच नव्हतो असं वाटलं. बघा, माणूस स्वतःला कसा फसवतो! तुम्ही लिहिलंत म्हणून डोळे उघडले. कंपनीतले सगळे म्हणतात की मास्तर चुकले. ते माझ्या प्रेमाचे. तुमचा कान कुणाची भीड ठेवत नाही.”

“पुढे काय करणार?” मी विचारलं.

“वनमालिनीची नक्कल दत्तोपंतांना परत दिली. त्यांनी मागितली नव्हती. मीच त्यांच्यासमोर तुमचं कात्रण ठेवलं.” नक्कल म्हणजे नटाच्या भूमिकेची हाताने उतरवलेली वही. नट ती परत करतो म्हणजे भूमिका सोडतो. “उद्या कंपनी खंडव्याला जाईल. मी उलट्या गाडीने गावी जाईन. भावाची केळीची बाग आहे. पाणी द्यायला सूर लागत नाही.”

तो हसला. मीही हसलो, आणि त्याने आणलेला दराबा खाल्ला. हे सांगायला लाज वाटते, पण खाल्ला.

शुक्रवारी दुपारी गोदाबाई जसोंडीहून आली ती पायातल्या वहाणा न काढता माझ्यासमोर उभी राहिली. शनवाऱ्याच्या वेशीशी ती पान घ्यायला थांबली होती, तिथे सुकलाल पानवाल्याने तिला गाठलं होतं.

“तुमी काय लिहिलं हे?” ती म्हणाली. “सुकलाल म्हने, त्या रोजी पूरा मंडप रडून ऱ्हायला होता. एक आदमी खोकला नाई. बुवायनं हात उचलले, कारन त्या आवाजाले बाजाची गरजच नव्हती. पद सरल्यावर लोक उठून उभे ऱ्हायले, सात वन्समोर झाले. तुमी होते कुठं?”

“घरी,” मी म्हणालो.

“मंग लिहिलं कसं?”

ती खाली बसली. तिला सगळं समजलं होतं. “मी नव्हते,” ती म्हणाली, “तर नाई लिहाचं ना हो.”

माझी इतकी चीड मला कधी आली नव्हती. आम्ही तसेच टांगा करून गावाबाहेर लालबागला स्टेशनवर गेलो.

फलाटावर कंपनीच्या ट्रंका, गुंडाळलेले पडदे, ऑर्गनची पेटी. प्रभाकर जरा लांब, एकट्याच्या ट्रंकेवर बसला होता. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. मी बहिरा आहे. तीन वर्षं झाली. तुझं पद मला ऐकूच आलं नाही. बुवांचे हात पाहून मी लिहिलं, आणि उलटं वाचलं.

तो ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर दया येत होती. माझ्यासाठी!

“मास्तर,” तो म्हणाला, “वन्समोर मिळाले ते जुन्या ओळखीला. आता माझं मन राखायला तुम्ही स्वतःला बहिरं म्हणवून घेता? एवढे मोठे होऊ नका. मी आत्ता विचारतोय ते तुम्ही ऐकताय ना?”

“ओठ बघतोय मूर्खा!”

“असं बोलू नका. लोक ऐकतील.”

दत्तोपंत आले. त्यांनाही पटेना. “लिहिलेलं मागे घेऊ नये मास्तर, मान जातो,” म्हणाले. खरंच की. आयुष्यभर मी ज्या नावासाठी थापा मारल्या ते नाव आता खरं बोलू देत नव्हतं. कसं पटवू? बहिरेपण दाखवायला काही जखम नसते.

“जाऊ दे,” मी म्हणालो. पाय दुखत होते, घसा सुकला होता. प्रभाकरकडे पाठ करून मी पाण्याच्या नळाकडे निघालो.

चार पावलं गेलो असेन. समोर चहावाला कपात चहा ओतत होता. कप भरला, वाहू लागला, तरी तो ओतत राहिला. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल थांबला आणि त्याने ट्रंक हळूच खाली ठेवली. पलीकडे आपल्या ऑर्गनच्या पेटीवर बसलेल्या कडूबुवांनी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. मला वाटलं गाडी आली. मी सिग्नलकडे पाहिलं. त्याचा हात पडलेला नव्हता. रूळ रिकामे.

“गाडी आली का गं?” मी गोदाबाईला विचारलं.

तिने पदर तोंडाला लावला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होती. तिने नुसती नाही म्हणून मान हलवली.

मी वळलो. प्रभाकर माझ्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभा होता. छाती भरलेली, मानेच्या शिरा ताठ, तोंड पूर्ण उघडं. तो गात होता. भर आवाजात, माझ्या पाठीशी, केव्हापासून कोण जाणे, आणि त्याची नजर माझ्यावर खिळलेली होती.

त्याचं तोंड मिटलं. त्याने आपल्या दोन्ही हातांनी माझे हात धरले आणि ओठ मोठे करून, एक एक शब्द सावकाश, पोराला शिकवावं तसं म्हणाला, “मास्तर, खरंच ऐकू येत नाही हो तुम्हाला.”

“नाही रे,” मी म्हणालो. “काहीच नाही.” आणि मला रडू कोसळलं. स्वतःसाठी, खोटं कशाला बोलू? तीन वर्षांत पहिल्यांदाच.

तो बराच वेळ हात धरून राहिला. मग दत्तोपंतांकडे गेला. दत्तोपंतांनी कोटाच्या खिशातून नक्कल काढून दिली. ती त्यांनी ट्रंकेत टाकली नव्हती. खंडव्याची गाडी आली तेव्हा प्रभाकरची ट्रंक कंपनीच्या ट्रंकांबरोबर चढली. भावाच्या केळीला दुसरं कुणीतरी पाणी देईल.

पुढच्या बुधवारी ‘तापीतीर’मध्ये माझं नाव शेवटचं छापून आलं. पाच ओळी होत्या. कान गेल्याचं लिहिलं, चूक लिहिली आणि गावाची माफी मागितली. नंतर महिनाभर सुकलाल मला पान देताना मुद्दाम ओरडून बोलायचा. बोलू दे.

पण ते नंतरचं. त्या दिवशी टांग्यात बसल्यावर मी गोदाबाईला विचारलं, “कसा गायला?” एरवी हे मी घरात, दार लावून विचारायचो. आज टांगेवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

ती माझ्याकडे तोंड करून बसली आणि शनवारा येईपर्यंत सांगत राहिली.