तक्त्यात नसलेले नाव

मंगळवार म्हणजे न्हाणीघर, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. सोमवारी पंखे आणि जळमटं, मंगळवारी न्हाणीघर-संडास, बुधवारी स्वयंपाकघरातल्या फळ्या आणि डबे, गुरुवारी चादरी-अभ्रे, शुक्रवारी खिडक्या, शनिवारी फरश्या आणि जिना, रविवारी विश्रांती. हा तक्ता घरच्या कर्त्या पुरुषाने आखला होता. ते नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात स्वच्छता निरीक्षक होते आणि सगळं गाव त्यांना निरीक्षकसाहेब म्हणूनच ओळखायचं. या तक्त्याची त्यांनी आठ पानी पुस्तिका छापून घेतली होती, ‘रोज वीस मिनिटे’ नावाची. शाळांत, महिला मंडळांत, कारखान्यांच्या सभागृहांत ते तिच्यावर व्याख्यानं देत. “धूळ म्हणजे आगंतुक पाहुणा,” ते सांगत. “रोज उठवला तर टिकत नाही, आठवडाभर बसू दिला तर घरचाच होऊन बसतो.” या वाक्याला हमखास हशा पिकायचा.

त्या मंगळवारी सकाळी निरीक्षक चहा घेत पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीची प्रुफं तपासत होते. बायको टपाल कचेरीत नोकरीला, तिची डबा भरून निघायची घाई. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, तिची वहीची शोधाशोध. न्हाणीघरातून फरशीवर ब्रश घासल्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून कोरडा खोकला.

आत चिमी होती, निरीक्षकांची धाकटी बहीण. लहानपणी अंगाने एवढीशी आणि तोंडाची टकळी दिवसभर चालू, म्हणून घरच्यांनी चिमणी म्हटलं. चिमणीची पुढे चिमी झाली. चोविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी महिन्याच्या आत तिची पेटी दाराबाहेर ठेवली. निरीक्षक स्वतः जाऊन ती पेटी आणि बहीण दोन्ही घेऊन आले. “माझ्या घासातला घास तुझा,” असं ते तिला वाटेत म्हणाले होते, आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीने झाडू हातात घेतला. घे असं कुणी म्हटलं नव्हतं. पण ठेव म्हणायचंही कुणाला सुचलं नाही, त्याला आता तेवीस वर्षं झाली होती.

“बाबा, आत्याचा खोकला महिनाभर हटत नाहीये,” मुलगी म्हणाली. “आज डॉक्टरकडे नेऊ या.”

निरीक्षकांनी प्रुफातून मान वर केली नाही. रविवार एकदाचा पार पडू दे, मग मी स्वतः नेतो, असं ते म्हणाले. रविवारी महिला मंडळांच्या चाळीस बायका त्यांचं घर पाहायला येणार होत्या. आदर्श घर म्हणून वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढणार होता.

“पुस्तिकेत न्हाणीघराला वीस मिनिटं लिहिलीत तुम्ही. आत्या पावणेसहापासून आत आहे.”

“ती सावकाश करते. सवय आहे तिची.”

मुलीला वही सापडली होती, तीही निघून गेली. तिनेही कधी तो ब्रश हातात घेतला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला की पाहुण्या रविवारऐवजी शनिवारीच येतील, दुपारी चारला. खिडक्या अर्ध्याच झाल्या होत्या, फरश्या आणि जिना तसाच होता, आणि मंगळवारचं न्हाणीघर पुन्हा एकदा घासायला हवं होतं. त्यांनी चिमीला बोलावून सगळं समजावून सांगितलं.

“होईल की, दादा,” ती म्हणाली. “तू कशाला जीव टांगणीला लावतोस?”

न्हाणीघरात ॲसिडची बाटली नेहमीची होतीच. निरीक्षकांनी त्या संध्याकाळी बाजारातून ब्लीचिंग पावडरची पिशवी आणून तिच्याशेजारी ठेवली आणि ही टाकली की डागाचं नाव राहत नाही, एवढंच सांगितलं. ही दोन्ही एकत्र करू नयेत, विषारी वायू होतो, हे त्यांच्या पुस्तिकेच्या सहाव्या पानावर जाड अक्षरात होतं. निदान दोनशे सभागृहांत त्यांनी ते बोट उगारून सांगितलं होतं. चिमीची शाळा तिसरीत सुटली होती, आणि त्या दोनशे सभागृहांपैकी एकातही ती कधी बसली नव्हती. त्या वेळी ती घरी फरशी पुसत असायची.

शनिवारी दुपारपर्यंत चिमीने खिडक्या, फरश्या आणि जिना उरकला. निरीक्षक दिवाणखान्यात तक्त्याची मोठी प्रत भिंतीवर सरळ लागतेय का ते पाहत होते. बायको कचेरीतून यायची होती, मुलगी परीक्षेला गेली होती. न्हाणीघराची खिडकी गच्चीच्या ज्या बाजूला उघडायची, तिथेच खुर्च्या मांडल्या होत्या. तिकडून उग्र वास आला, तसे निरीक्षक जागेवरूनच म्हणाले, “चिमे, वास बाहेर येतोय. खिडकी लाव ना जरा.”

खिडकी लागल्याचा आवाज आला. मग खोकल्याची ढास लागली. ती बराच वेळ चालली. निरीक्षकांनी खिळा ठोकला, चार पावलं मागे येऊन पाहिलं, तक्ता डावीकडे किंचित कललेला होता, तो नीट केला. मग खोकला थांबला आणि त्यांना बरं वाटलं. पाहुण्यांसमोर खोकत बसली असती तर कसं दिसलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. हा विचार पुढे त्यांना आयुष्यभर पुरला.

परीक्षेहून आलेली मुलगी हात धुवायला गेली आणि तिने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग ती ओरडली. दोघांनी मिळून कडी तोडली तेव्हा चिमी भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे, हातात ब्रश. फरशी पांढरीशुभ्र झाली होती.

पाहुण्या बायका दारावरचं कुलूप पाहून परत गेल्या. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी काय-काय मिसळलं होतं ते विचारलं. निरीक्षकांनी क्षणाचाही विलंब न लावता दोन्ही वस्तूंची नावं, त्यांतून होणारा वायू आणि त्याचा फुप्फुसावरचा परिणाम सांगितला.

“तुम्हाला हे सगळं माहीत होतं?”

“मी यावर व्याख्यानं देतो,” निरीक्षक म्हणाले.

बाईंनी फक्त एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहायला खाली मान घातली.

चिमी आणखी तीन दिवस होती. नाकाला नळी, श्वास फाटलेल्या भात्यासारखा, पण शुद्धीवर. पहिल्या सकाळी वॉर्ड पुसणारी बाई आली तर ही अंगातला सगळा जोर लावून उठून बसायला लागली. पाय वर घेते म्हणजे तुम्हाला खाली नीट पुसता येईल, म्हणाली. नर्स रागावली. पुसणाऱ्या बाईने मात्र तिच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाली, “पडून राहा हो ताई. तुमचं काही काम नाही इथं.” चिमीला हसू आलं, आणि हसण्याने पुन्हा ढास लागली.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक तिच्या उशाशी बसले होते. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं. “दादा, किती वाजले?” तिने विचारलं.

“सव्वाआठ.”

“बघ की.” ती श्वास गोळा करून मग बोलली, “सव्वाआठ वाजलेत, आणि मी अंथरुणात. कुणी हाक मारली नाही. या सगळ्या बायकांना घरी जायची घाई झालीय. मला नाही बाई.” मग त्यांचा चेहरा पाहून तिनेच त्यांची समजूत घातली. “तसं नाही रे. तुझ्या घरी मला काय कमी होतं? फक्त एवढं उन्हात निजायचं राहिलं होतं.”

चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

समाचाराला माणसं आली. सख्खा भाऊ असून कोण करतं एवढं, तेवीस वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलंत, असं जो तो म्हणत होता. निरीक्षक मान खाली घालून बसायचे. लोकांना ते दुःख वाटायचं. एकाने तिचा एखादा फोटो मागितला, तेव्हा तिच्या वस्तू कुठे असतात हेच त्यांना कळेना. मुलीने दाखवलं. अडगळीच्या खोलीत, कपाट आणि जुनं शिलाई मशीन यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती गादी घालायची आणि पहाटे गुंडाळून कपाटावर ठेवायची. तिथे ती पेटी होती, तेवीस वर्षांपूर्वी त्यांनीच उचलून आणलेली. निरीक्षक त्या जागेत आडवे होऊन पाहू लागले. गुडघे मुडपल्याशिवाय पाय मावेनात, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती.

पंधरवडा उलटला तशी घरभर धूळ दिसू लागली. एका संध्याकाळी बायकोने चाचरत विषय काढला. तिच्या नात्यातली एक बहीण गेल्या वर्षी विधवा झाली होती, भावजयीच्या दारात दिवस काढत होती. तिला इकडे बोलवावं का? “तिलाही आसरा होईल, आणि आपल्यालाही…” वाक्य तिने अर्धवट सोडलं.

“बोलाव,” निरीक्षक म्हणाले. “समोरची खोली तिला देऊ. पण झाडूला हात लावायचा नाही, असं आधी पत्रात लिही. ते लिहायचं नसेल तर बोलावू नकोस. दुसरी चिमी मी या घरात आणणार नाही.”

“मग घराचं कोण बघणार?”

“तू, मी, ही पोरगी. जेवढं होईल तेवढं. नाही झालं तर राहील घाण.”

बायको काही वाईट नव्हती. ती खाली बसली आणि बराच वेळ रडली. “वन्संना मी कधी ‘बसा’ म्हटलं नाही हो,” ती म्हणाली. “त्या उभ्याच असायच्या. मला वाटायचं, त्यांना उभं राहायलाच आवडतं.”

पुढच्या मंगळवारी निरीक्षकांनी न्हाणीघराची खिडकी सताड उघडली आणि गुडघ्यांवर बसून फरशी घासली. एक तास वीस मिनिटं लागली. पुस्तिकेतला आकडा त्यांनी घड्याळ लावून कधी काढलाच नव्हता. कागदावर तो बरा दिसत होता, म्हणून लिहिला होता.

आधी ठरलेलं एक व्याख्यान उरलं होतं. एका बँकेच्या सभागृहात शंभरेक माणसं जमली होती, बायका पुढे, पुरुष मागे. निरीक्षकांनी तक्ता टांगला आणि सवयीने सुरुवात केली, धूळ म्हणजे आगंतुक पाहुणा. लोक हसले. त्यांना पुढचं वाक्य उच्चारवेना. मग ते खाली बसले आणि बसूनच बोलले.

“या तक्त्यात वार आहेत, काम आहे, किती मिनिटं ते आहे. कुणी करायचं, ते नाही. मला ते लिहावंसं कधी वाटलं नाही, कारण करणारी घरात होती. माझी बहीण. काय एकत्र करू नये ते मी तुम्हाला सगळ्यांना सांगितलं, तिला सांगितलं नाही. ती कुठे झोपते हे मला ती गेल्यावर कळलं. लोक म्हणतात मी तिला आसरा दिला. मी तिला काम दिलं, आणि त्याला आसरा म्हणत राहिलो. मागे बसलेल्यांना मी एवढंच विचारतो, तुमचं घर ज्या हातांनी स्वच्छ होतं, त्या बाईला शेवटची सुट्टी कधी मिळाली?”

टाळ्या पडल्या नाहीत. आयोजकांनी घाईने आभार मानले. पुढच्या महिन्याचं बोलावणं देणार होते, त्याचा उच्चारही केला नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे टिपत उठली. पुरुष एकमेकांकडे न बघता जिना उतरू लागले.

निरीक्षक तक्ता गुंडाळत होते, तेव्हा एक मनुष्य परत आला. पन्नाशीचा, लोखंडी सामानाचा दुकानदार असावा, हातांवर गंजाचे डाग होते. बराच वेळ तो टेबलाची कड चाचपत उभा राहिला.

“साहेब, माझ्या घरी माझी मावशी असते,” तो म्हणाला. “सोळा वर्षं. तुम्ही बोलत होतात, तेव्हा मी आठवत होतो ती कुठे झोपते. मला आठवलं नाही.”

निरीक्षकांनी तक्ता टेबलावर ठेवला आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

“मग इथं कशाला थांबलात? जा, आधी ते बघून या.”

तो मनुष्य जिना उतरून गेला. जाताना तो जवळजवळ पळत होता.