कबुलीची तालीम

टक्.

इस्त्रीचा दिवा विझला आणि तेवढासा आवाजसुद्धा घरभर फिरून आला. दहा महिन्यांपूर्वी या घरात इस्त्रीच काय, परात पडली असती तरी कुणाला कळलं नसतं. तेव्हा बाळ होतं. आता नळ गळला तरी माणसं मान वर करून बघत.

मुंगीच्या आईने पांढऱ्या फ्रॉकची झालर पाटावर पसरली. शिवणकाम हा तिचा धंदा. लोकांच्या विजारी आखूड कर, चेन बदल, जाड झालेल्यांचे ब्लाउज सैल कर, हे तिला डोळे मिटून जमायचं. हा एक फ्रॉक मात्र तिने तीनदा उसवला होता. फ्रॉक संपला की रविवार समोर उभा राहणार, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी मुंगीची पहिली कम्युनियन, ख्रिस्तप्रसाद घेण्याची पहिली वेळ. त्यांच्या चर्चची रीत अशी, की आईबापांनी लेकराला मधे घेऊन वेदीपर्यंत जायचं आणि तिघांनी मिळून प्रसाद घ्यायचा. त्याआधी शनिवारी फादरांपुढे पापांची कबुली द्यायची, मुलांनी आणि आईबापांनीही. शनिवार उद्यावर आला होता.

दहा महिने मुंगीची आई प्रसादासाठी चर्चच्या बाकावरून उठली नव्हती. लोक रांगेने पुढे जात, ती गुडघे तिरपे करून त्यांना वाट देई. कुणी विचारलंच तर पित्त. एवढं पित्त खरोखर असतं तर बाई हळदीसारखी पिवळी पडली असती.

"रविवारपुरती त्या पित्ताला सुट्टी दे," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"बघते, आई."

"बघतेस काय? पोरीच्या एका अंगाला बाप आणि दुसऱ्या अंगाला वारा? लोक बोटं घालतील तोंडात." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "देवाने आपल्याला धपाटा घातला, मान्य. पण शेजारच्याच्या पोराला कुणी मारतं का? आपलं समजतो म्हणूनच मारतो तो. रुसून कुठे जाशील?"

सासूबाईंचा देव असा, छडी हातात आणि काळीज ठिकाणावर. नवऱ्याचा देव निराळा. नवरा बस चालवायचा, त्याला वाटायचं देवही साधा असणार. "डेपोचा साहेब आहे का तो, पाच मिनिटं उशीर झाला की मेमो द्यायला?" तो म्हणे. "चांगला माणूस आहे गं तो." देवाला चांगला माणूस म्हटलं की सासूबाई कपाळावर हात मारून घेत.

तिचा देव मारत नव्हता आणि गोंजारतही नव्हता. तो ऐकत होता. तेच भयंकर होतं.

बाळाचं काळीज जन्मापासूनच दुबळं. चार महिने ते मांजराच्या पिल्लासारखं रडलं. मांडीवर रडलं, खांद्यावर रडलं, दूध पिताना दमून रडलं. ती रोज म्हणायची, बरं कर रे याला. एका मंगळवारी, भर दुपारी, दुपटी पिळता पिळता तिच्या तोंडून गेलं, "ने बाबा, ने एकदाचं." बस्, एवढंच. गुरुवारी बाळ गेलं. शेकडो वेळा मागितलेलं हवेत विरलं आणि थकून बोललेलं एक वाक्य त्याने उचललं. असा कान ज्याचा, त्याच्यापुढे आता तोंड उघडायचं कसं? आणि न उघडावं, तर लेकीच्या दिवशी बाकावर बसून राहायचं.

भाजी निवडून सासूबाई पाठ टेकायला आत गेल्या, तशी मुंगी वही घेऊन आली. आठ वर्षांची पोर, पण काहीही मिळालं की कोपऱ्यात नेऊन साठवायची, म्हणून मुंगी.

"आई, तालीम करायची. तू फादर हो."

"माझी दाढी कुठंय?"

"फादरांना तरी कुठंय? चादरीपलीकडे बस. माझं तोंड बघायचं नाही, नियम आहे."

दांडीवर ओली चादर वाळत होती. आई चादरीमागे स्टुलावर बसली. चादरीखालून मुंगीचे दोन मोजे दिसत होते, एक अंगठा दुसऱ्यावर घासत.

"फादर, मी पाप केलंय," मुंगीने आवाज जाड केला. "आजीच्या चष्म्याला जॅम लावला. मुद्दाम नाही. थोडं मुद्दाम."

"बरं."

"वर्गातल्या पोरीला ढोली म्हटलं. आणि प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवला."

"तो कशाला?"

"देव बघतोय का ते बघायला." वहीचं पान उलटलं. मग मोजे थांबले. "एक राहिलंय. पण ते फादरांना नाही सांगणार."

"का गं?"

"ते सांगतील ना देवाला."

"त्याला सगळं माहीतच असतं, बाळा."

"तेच तर. मीच सांगितलं होतं." आता आवाज जाड नव्हता. "बाळ सारखं रडायचं आणि तू माझी वेणी नाही घालायचीस. मी म्हटलं, देवा, त्याला घेऊन जा. खोटं खोटं म्हटलं. त्याने खरंच नेलं."

चादरीचं पाणी टपकन आईच्या हातावर पडलं. दहा महिने एका छपराखाली दोघी तेच ओझं वाहत होत्या, एकमेकींपासून लपवून. पोरीने तर ते मुंगीसारखं दूर कोपऱ्यात नेऊन ठेवलं होतं. आई उठू लागली.

"बघायचं नाही!" चादर पलीकडून घट्ट धरली गेली.

ती बसली. "मुंगी, तुझं नाही ऐकलं त्याने."

"तुला काय माहीत?"

वेळ मारून नेणं सोपं होतं. डॉक्टरांचं नाव सांगायचं, काळजाच्या झडपेचं सांगायचं. ते खरंही होतं. पण पोर उद्या चर्चमधल्या कबुलीच्या जाळीपुढे एकटी बसणार होती, हे गिळून. तिने ओल्या कापडाला कपाळ टेकलं.

"कारण मीसुद्धा तेच म्हटलं होतं," ती म्हणाली. "मोठ्याने. खरं खरं."

चादरीवर पलीकडून एक लहान तळवा उमटला, तिच्या कपाळाजवळ. तिने तो कापडावरूनच धरला. थंड होता.

"म्हणजे उद्या तू पण सांगणार?"

"हो. तुझ्या आधी मी जाते आत."

"पण आई," मुंगी हळू म्हणाली, हिशोब जुळत नसल्यासारखी, "बाबा तर रोज पाळण्याशी गुडघे टेकून म्हणायचे, राहू दे त्याला, राहू दे. मी ऐकलंय. मग देवाला बाबा आवडत नाहीत का?"